एका कुळाचे वनभोजन

वनभोजन हा शब्द कानी पडला की मराठी मनापुढे कार्तिक महिना उभा राहतो. आवळ्याच्या झाडाखाली अंथरलेल्या सतरंज्या, डब्यांतून निघणारे नाना पदार्थ, मुलांचा दंगा आणि त्या गर्दीत आपुलकीने वावरणारी नात्यागोत्यातली, आळीतली, कचेरीतली माणसे. वनभोजनाला कोणी कोणाला बोलवायचे याचे आपले नियम ठरलेले असतात. रक्ताचे नाते असावे लागते, नाही तर शेजार असावा लागतो. तेही नसेल तर निदान एका व्यवसायाचा धागा तरी हवा. आज ज्या वनभोजनाविषयी मी सांगणार आहे, तेथे यांपैकी एकही धागा नाही. तेथे येणारी माणसे एकमेकांच्या नात्यातली नाहीत, गावची नाहीत, पुष्कळदा एका देशाचीही नाहीत. त्यांना एकत्र आणतो तो त्यांच्या पायाशी बसलेला कुत्रा. खरे नाते आहे ते कुत्र्यांचे. माणसे त्या नात्याने आलेली सोयरी.

हे वनभोजन भरते स्कॉटलंडच्या उत्तर भागात, इन्व्हर्नेस शहराच्या नैर्ऋत्येला, डोंगरांच्या कुशीत वसलेल्या टोमिच नावाच्या लहानशा खेड्याजवळ. तेथे गुइशाकन नावाच्या जुन्या वाड्याचे भग्नावशेष आहेत. गेलिक भाषेत या नावाचा अर्थ पाइन वृक्षांचे रान असा होतो. वाड्याच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. छप्पर १९३९ साली उतरवले गेले. जेथे एके काळी सरदार-उमराव शिकारीसाठी उतरत, तेथे आज सहसा वाऱ्याखेरीज कोणाचा आवाज नसतो. परंतु काही वर्षांच्या अंतराने, जुलै महिन्यात, या पडक्या वाड्यासमोरच्या हिरवळीवर सोनेरी केसांच्या कुत्र्यांची जत्रा लोटते. गोल्डन रिट्रीव्हर ही ती जात. या जातीच्या स्कॉटलंडमधील क्लबने भरवलेल्या मेळाव्याला २०१८ साली ३६१ कुत्रे जमले होते. २०२३ साली ही संख्या ४८८ झाली. अमेरिकेतून आणि युरोपातील अनेक देशांतून लोक आपापले कुत्रे घेऊन, आणि ज्यांना ते आणता आले नाहीत ते नुसतेच, या रानात येऊन पोहोचले होते.

इतके लांब, या आडबाजूलाच का यायचे? कारण या जातीचे हे मूळ गाव आहे. आपल्याकडे एखादे कुटुंब पुण्यात, इंदुरात किंवा बडोद्यात पिढ्यानपिढ्या राहिले, तरी वर्षातून एकदा कोकणातल्या कुलदैवताला जाऊन येते. त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे कुळ कुत्र्यांचे आहे आणि कुळाचा इतिहास मात्र माणसांनी पाठ केला आहे.

तो इतिहास ऐकण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डड्ली मार्जोरीबँक्स नावाच्या धनिकाने ही जहागीर घेतली. पुढे १८८१ साली तो लॉर्ड ट्वीडमथ झाला. त्याला शिकारीचा नाद होता, आणि त्या काळी शिकारीचे तंत्र बदलत चालले होते. बंदुका सुधारल्या, गोळी लांबवर जाऊ लागली. तेव्हा टिपलेला पक्षीही लांब, कधी झुडपांत, कधी थंडगार पाण्याच्या पलीकडे पडू लागला. तो शोधून, पाण्यातून पोहून, दात न लावता धन्याच्या हाती आणून देणारा कुत्रा हवा होता. परत आणून देणारा तो रिट्रीव्हर, असा त्या नावाचा सरळ अर्थ आहे.

१८६५ साली ब्रायटन या गावी मार्जोरीबँक्सने एक पिवळा कुत्रा मिळवला. काळ्या रिट्रीव्हरांच्या वेतात जन्मलेले हे एकच पिवळे पिल्लू. त्याचे नाव नूस. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बुद्धी. १८६८ साली या नूसचा बेल नावाच्या मादीशी संयोग घडवून आणण्यात आला. बेल ही ट्वीड नदीकाठच्या पाणकुत्र्यांच्या जातीची होती; ती जात आता नष्ट झाली आहे. या वेतातील पिवळ्या पिल्लांपैकी तिघांना क्रोकस, काउस्लिप आणि प्रिमरोझ अशी फुलांची नावे देण्यात आली. आज जगभर पसरलेल्या लक्षावधी गोल्डन रिट्रीव्हरांचे मूळ या एका वेतापर्यंत जाऊन भिडते. २०१८ चा मेळावा इतका मोठा भरला तो याचमुळे. त्या जन्माला तेव्हा दीडशे वर्षे पूर्ण झाली होती.

गंमत अशी की हा खरा इतिहास बराच काळ कोणाला ठाऊक नव्हता. लोकांत एक रंगतदार कथा प्रचलित होती: लॉर्डसाहेबांनी म्हणे एका सर्कशीत रशियन कुत्र्यांचा ताफा पाहिला आणि तो सगळाच विकत घेतला. कुळाचा मूळ पुरुष दूरदेशाहून आलेला असावा, ही हौस माणसांप्रमाणे कुत्र्यांच्या बाबतीतही आपण भागवून घेतो! परंतु गुइशाकनच्या श्वानगृहाची हस्तलिखित नोंदवही घराण्याने जपून ठेवली होती. त्या वहीतील मजकूर १९५२ साली प्रसिद्ध झाला आणि सर्कशीची कथा निकालात निघाली. कुठल्या नराचा कुठल्या मादीशी कधी संयोग झाला, कोणते पिल्लू कोणाला दिले, हे त्या वहीत शांतपणे लिहून ठेवलेले होते. वाडा पडला, वही टिकली. या गोष्टीकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो, कारण पुढे जे सांगायचे आहे त्याचे बीज तिच्यात आहे.

आता त्या हिरवळीकडे वळू. चार-साडेचारशे कुत्रे एका ठिकाणी, ही कल्पनाच आपल्याला धडकी भरवते. आपल्या गल्लीत दोन कुत्रे समोरासमोर आले तरी काय रण माजते, हे आपण पाहतोच. मग येथे रण का माजत नाही? याचे उत्तर त्यांच्या जुन्या व्यवसायात आहे. उंदीर-घुशींच्या किंवा कोल्ह्याच्या बिळात शिरून एकट्याने झुंजण्यासाठी जे टेरिअर कुत्रे जोपासले गेले, त्यांच्यात चिडखोरपणा हा गुण मानला गेला. रिट्रीव्हरचे काम याच्या अगदी उलट होते. शिकारीच्या दिवशी अनेक शिकारी आणि त्यांचे अनेक कुत्रे शेजारी शेजारी तासन्‌तास निमूट बसत. बंदुकीच्या आवाजाने बिचकायचे नाही, शेजारच्या कुत्र्यावर गुरगुरायचे नाही, आज्ञा होईपर्यंत जागचे हलायचे नाही, आणि तोंडात आलेला पक्षी फाडायचा नाही; हे ज्याला साधले त्याचीच पिल्ले पुढे वाढवली गेली. ही निवड पिढ्यानपिढ्या चालली. आज त्या कुत्र्यांपैकी बहुतेकांनी बंदूक कधी पाहिलेलीही नसते. पण पूर्वजांची शिस्त रक्तात उरली आहे. अंगावर मूल लोळले तरी सोसणारा, अनोळखी पाहुण्यापुढे शेपूट हलवणारा हा कुत्रा चोराला मात्र दिवाणखाना दाखवून आणील, असे त्याच्याविषयी विनोदाने म्हणतात ते उगीच नव्हे. राखणदार म्हणून तो नापास आणि सोबती म्हणून पहिल्या वर्गात उत्तीर्ण.

त्याचा हा स्वभाव धन्यांनाही लागतो. अशा मेळाव्यात माणसे एकमेकांना आपली नावे सांगत नाहीत. प्रथम कुत्र्याचे नाव सांगतात, मग वय, मग आईबाप. तासभर गप्पा होतात, शिदोरीची देवाणघेवाण होते, पत्ते लिहून घेतले जातात आणि निरोप घेताना ध्यानात येते की समोरचा मनुष्य काय करतो हे आपण विचारलेच नाही. जात, हुद्दा, मिळकत या गोष्टी मनुष्य मनुष्याला पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. कुत्रा मध्ये बसला की त्या प्रश्नांना जागा उरत नाही. शहरांतून एकेकट्या राहणाऱ्या, विशेषतः वृद्ध माणसांना याचे मोल किती असते, ते त्यांनाच माहीत.

म्हणूनच या मेळाव्यांचे लोण सर्वत्र पसरले आहे. अमेरिकेत कोलोराडो राज्यात गोल्डन नावाचेच एक गाव आहे. केवळ नामसादृश्यावर तेथे अलीकडच्या वर्षांत फेब्रुवारीच्या थंडीत हजारो गोल्डन रिट्रीव्हर जमू लागले. २०२४ च्या डिसेंबरात अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयरिस येथील एका उद्यानात संयोजकांनी १,६८५ कुत्र्यांची मोजदाद केली. आपल्याकडेही मुंबई, पुणे, बंगलोर अशा शहरांत एकाच जातीचे कुत्रे पाळणारी कुटुंबे सुटीच्या सकाळी मोकळ्या मैदानावर एकत्र येतात.

येथवर सारे आनंदाचे आहे. परंतु अशा वनभोजनात, डबे उघडून झाल्यावर आणि पहिला कल्लोळ ओसरल्यावर, एक प्रश्न हळूच विचारला जातो: मागच्या वेळी तुमच्याबरोबर होता तो कुठे आहे? या जातीचे आयुष्य साधारण दहा-बारा वर्षांचे. पाच वर्षांनी भरणाऱ्या मेळाव्याला वर्षाचे पिल्लू आणले, तर पुढच्या खेपेस ते सहा वर्षांचे प्रौढ असते, त्यापुढच्या खेपेस अकरा वर्षांचे म्हातारे. आणि पुष्कळांच्या नशिबी ती तिसरी खेप नसते. कारण या देखण्या, शांत कुळाच्या मागे कर्करोग हात धुऊन लागला आहे. अमेरिकेतील या जातीच्या क्लबने १९९८ साली केलेल्या आरोग्यपाहणीत मृत्यू पावलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ साठ टक्के कर्करोगाने गेल्याचे आढळले. त्यातील एक प्रकार तर विशेष कपटी. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरात निर्माण होतो, पानथरीत किंवा हृदयात गुपचूप वाढतो आणि पुष्कळदा पहिले लक्षण दिसते तेव्हा पोटात रक्तस्राव सुरू झालेला असतो. सकाळी चेंडूमागे धावलेला कुत्रा संध्याकाळी उभा राहू शकत नाही.

असे का व्हावे? या रोगाची कारणे एकच एक नाहीत. पण त्यातील एक महत्त्वाचे कारण आपल्या आजीलाही कळेल असे आहे. आपल्याकडे सगोत्र विवाह निषिद्ध मानतात. त्या रूढीचे इतर अर्थ काहीही असोत, जवळच्या रक्ताचे मीलन टाळावे ही सावधगिरी तिच्यात आहे. प्रत्येक प्राण्याच्या बीजात काही दोष सुप्त असतात. आईकडून दोष आला आणि वडिलांकडून निरोगी गुण आला, तर दोष बहुधा झाकला जातो. दोघांकडून तोच दोष आला की तो उघडा पडतो. आईबाप एकाच घराण्यातले असले की असे होण्याचा संभव वाढतो. आता शुद्ध जात म्हणजे काय? जिची नोंदवही मिटलेली आहे अशी जात. ज्याचे आईबाप दोघेही त्या वहीत नोंदलेले, त्यालाच त्या वहीत प्रवेश. म्हणजे सारी जातच एका गोत्राची! त्यात भर पडते प्रदर्शनांची. एखाद्या नराने पदक पटकावले की जो तो आपली मादी त्याच्याकडे नेतो. शेकडो पिल्लांचा एकच बाप होतो, आणि त्याच्यात दडलेला दोष दोन-तीन पिढ्यांत सगळ्या कुळात पसरतो.

येथे त्या मूळ पुरुषाची आठवण होते. लॉर्ड ट्वीडमथने नूस आणि बेल यांच्या पिल्लांचा आपापसांत संबंध जोडून पिवळा रंग पक्का करण्यावरच सारी भिस्त ठेवली नाही. तांबडा सेटर, काळा रिट्रीव्हर, पुन्हा एखादा पाणकुत्रा असे बाहेरचे रक्त तो अधूनमधून आणत राहिला. त्याला कामाचा कुत्रा हवा होता. पुढच्या लोकांना रूप हवे झाले आणि दार लागले. ज्या प्रेमाने ही जात घडवली, त्याच प्रेमाच्या आंधळेपणाने तिला कोंडले, असे म्हटले तर ते कठोर होईल. पण खोटे होणार नाही.

मग वनभोजन करणाऱ्यांनी काय करावे? आनंदाच्या जागी सुतक पाळावे काय? मुळीच नाही. उलट, उपाय त्या वनभोजनातूनच निघतो, आणि निघालाही आहे. अमेरिकेतील मॉरिस अॅनिमल फाउंडेशन या संस्थेने २०१२ साली एक मोठा अभ्यास हाती घेतला. २०१५ पर्यंत ३,०४४ गोल्डन रिट्रीव्हरांची त्यात नोंद झाली. दरवर्षी प्रत्येक कुत्र्याची पशुवैद्याकडून तपासणी करायची. रक्त, लघवी, केस, नखे यांचे नमुने जपायचे. आणि तो काय खातो, कुठे झोपतो, कोणत्या पाण्यात पोहतो, याविषयीची लांबलचक प्रश्नावली मालकाने भरून द्यायची. हे त्या कुत्र्याच्या अखेरीपर्यंत. आपला लाडका प्राणी कशाने गेला हे त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी कागदावर लिहायला छातीवर दगड ठेवावा लागतो. हजारो सामान्य माणसांनी ते मान्य केले. २०२३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी या जातीच्या तीनशेहून अधिक कुत्र्यांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका विशिष्ट गुणबीजाचे काही प्रकार ज्यांच्यात होते, ते इतरांपेक्षा सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले. मनुष्याच्या आयुष्यात दोन वर्षे म्हणजे फार नव्हेत. बारा वर्षांच्या आयुष्यात ती फार मोठी मिळकत आहे. विशेष म्हणजे त्या गुणबीजाचा मनुष्याच्या कर्करोगाशीही संबंध आहे. म्हणजे या कुळाच्या वहीचा उपयोग उद्या आपल्याही घराला होईल.

कुळ टिकते ते वहीमुळे, असे मी मघाशी सुचवले त्याचा अर्थ हा. कुत्र्याला आपला आजा ठाऊक नसतो, आपली बहीण कशाने गेली हे ठाऊक नसते. त्याची स्मृती म्हणजे त्याची माणसे. ती माणसे एका हिरवळीवर आली आणि त्यांनी एकमेकांना खरे सांगितले, तर कुळाला स्मृती येते. तुमच्या कुत्रीच्या भावाला खुब्याचे दुखणे आहे, माझ्या कुत्र्याचा बाप सहाव्या वर्षी गेला. ही बोलणी अप्रिय असतात. पिल्ले विकणाऱ्याला तर ती परवडतच नाहीत. पण ज्याने चार तास एका पंगतीत घालवले त्याच्याजवळ ती बोलता येतात. हिशेबाच्या कागदावर जे लपवले जाते, ते शिदोरीच्या वेळी सांगितले जाते. माझ्या मते अशा संमेलनाचे खरे प्रयोजन हे आहे.

आपल्या देशात हे प्रयोजन अधिकच निकडीचे आहे. दुहेरी केसांचा हा थंड मुलुखातला प्राणी नागपूरच्या किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात धापा टाकत असतो. त्याचे वनभोजन दिवस वर येण्याआधी आटोपावे, पाणी आणि सावली भरपूर असावी, पिसाळण्याच्या आणि इतर साथीच्या रोगांच्या लसी टोचलेल्या कुत्र्यांनाच तेथे आणावे, माजावर आलेली मादी घरी ठेवावी. हे साधे पथ्य झाले. त्याहून मोठे पथ्य पिल्लू घेताना पाळायचे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार श्वानपैदाशीचा धंदा करणाऱ्याला राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. ग्राहकाने एवढेच करावे: पिल्लाची आई पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि तिच्या आईबापांचे काय झाले हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर रिकाम्या हातांनी परतावे.

आणि जाता जाता आपल्या घरच्या कुळाचीही आठवण ठेवावी. दक्षिण महाराष्ट्रापासून विजापूरपर्यंतच्या माळरानावर लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा, सडपातळ कारवानी कुत्रा धनगर-शेतकऱ्यांच्या मागे पळताना दिसतो. त्याच घराण्यातला मुधोळ कुत्रा घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानामुळे नावारूपास आला आणि २००५ साली भारतीय टपालाच्या तिकिटावरही चढला. त्याची निवड आजवर मुख्यतः माळावरच्या धावेने केली, प्रदर्शनाच्या पदकाने नव्हे. त्याला नाव मिळू लागले आहे, किंमतही येऊ लागली आहे. दुसऱ्यांच्या अनुभवाने शहाणे होण्याची संधी नेमकी याच वेळी असते. एखाद्या हिवाळ्याच्या सकाळी त्याचेही धनी एखाद्या माळावर भाकरी बांधून घेऊन जमावेत, कुत्र्यांच्या धावा पाहाव्यात, आणि उठण्यापूर्वी कोणी तरी एक वही उघडून लिहावे: कोणाचा कोण, कुठला, वय किती, प्रकृती कशी. छायाचित्र काढले नाही तरी चालेल. वही मात्र जपून ठेवावी. तिच्यावर अजून न जन्मलेल्या पिल्लांचे आयुष्य अवलंबून आहे.